पाटीवर कोणाचे नाव? कला महाविद्यालयाच्या प्रदर्शनामागचा दीडशे वर्षांचा हिशेब

#धागा

१/
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून महात्मा फुले मंडईच्या दिशेने चालू लागले की डाव्या हाताला झाडांच्या सावलीत सर ज. जी. कला महाविद्यालयाचे आवार लागते. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत त्याचे दरवाजे सर्वांसाठी उघडतात. अंगणात शिल्पे, दालनांत तैलचित्रे, पलीकडे मातीची भांडी, धातूची तबके, हातमागावरची वस्त्रे. हजारो तरुण येतात, छायाचित्रे काढतात, परततात. फारच थोडे लोक वस्तूखालची छोटी पाटी वाचतात.

२/
हा धागा त्या पाटीविषयी आहे. प्रदर्शनातील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ती पाटी, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महाग वस्तूही तीच. कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाचे गाळायचे, हा निर्णय भारतातील कलाशाळांनी दीडशे वर्षांपूर्वी घेतला. त्याची किंमत आजही चुकवली जात आहे. तो निर्णय आता बदलला पाहिजे, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

३/
सुरुवात १८५१ पासून. लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड मंडपात जगभरातील वस्तूंचे महाप्रदर्शन भरले. भारतीय दालनातील शाली, मलमल, जडावकाम, शस्त्रे पाहून इंग्रज संकल्पनकार थक्क झाले. यंत्रावर निघालेल्या त्यांच्या मालापेक्षा हाताने घडवलेल्या या वस्तूंत रंग आणि आकार यांची जाण अधिक होती. ज्या देशाचा वस्त्रोद्योग इंग्लंडच्या गिरण्यांनी मोडकळीस आणला होता, त्याच देशाच्या कारागिरीपुढे इंग्लंड शिकवणी घ्यायला उभे होते.

४/
या प्रदर्शनाच्या आगेमागे भारतात कलाशाळा निघाल्या. मद्रासेत १८५० मध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी, कलकत्त्यात १८५४ मध्ये औद्योगिक कलेची शाळा म्हणून, आणि मुंबईत १८५७ मध्ये. मुंबईच्या शाळेसाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्येच एक लाख रुपये देऊ केले होते. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. पुढे १८७८ मध्ये शाळेला आजची इमारत मिळाली.

५/
या शाळांचा मूळ हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारागीर सुधारावा, त्याचा माल परदेशी बाजारात खपावा, सरकारी बांधकामांना नक्षीकाम करणारे हात मिळावेत, असा तो हेतू होता. म्हणून १८६५ मध्ये इंग्लंडहून जे शिक्षक आले ते कामानुसार वाटून आले: जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्पासाठी, जॉन ग्रिफिथ्स भित्तिसजावटीसाठी आणि हिगिन्स लोखंडी नक्षीकामासाठी.

६/
म्हणजे आज जे दालन मुख्य मानले जाते ते चित्रकलेचे दालन मागाहून मोठे झाले. ज्या मातीकाम, धातुकाम आणि विणकाम या विभागांकडे प्रेक्षक शेवटी, पाय दुखू लागल्यावर वळतो, त्यांच्यासाठी शाळा जन्मली होती. ही उलटापालट कशी झाली, हाच या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

७/
किपलिंग यांच्या विद्यार्थ्यांचे काम पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. आवारासमोरच्या मंडईच्या प्रवेशद्वारांवर त्यांनी साकारलेली उठावशिल्पे आहेत. त्यांत कष्ट करणारी माणसे दिसतात. त्या मंडईला आज जोतीराव फुले यांचे नाव आहे, हा योगायोग सुंदर आहे. पण त्या दगडावर ज्यांची छिन्नी चालली, त्यांची नावे सामान्य प्रेक्षकाला कुठेही वाचता येत नाहीत.

८/
रस्त्यापलीकडचे रेल्वेस्थानक हा त्याहून मोठा दाखला. १८८७ च्या सुमारास पूर्णत्वास आलेल्या त्या इमारतीवरील पाने, वेली, माकडे, मोर, दगडी जाळ्या यांतील बराच भाग कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केला. २००४ मध्ये वास्तू जागतिक वारसा यादीत गेली. वास्तुरचनाकार स्टीव्हन्स यांचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे. विद्यार्थ्यांचा उल्लेख मात्र सामूहिक: ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी’.

९/
मातीकामाचीही हीच कथा. १८७० च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी शाळेत कुंभारकाम सुरू केले. सिंधमधील झिलईदार भांड्यांची परंपरा आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृती यांचा संगम त्या भांड्यांवर झाला. ती परदेशी प्रदर्शनांत गेली, संग्रहालयांत पोहोचली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने आज पाहता येतात. भांड्याच्या बुडावर शिक्का असतो तो शाळेचा. चाकावर बसलेल्या माणसाची ओळख त्या शिक्क्यात विरघळून गेली.

१०/
अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा प्रकल्प तर महाराष्ट्राच्या कलाइतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जात. अंधाऱ्या दालनांत, वटवाघळांच्या सहवासात या तरुणांनी भित्तिचित्रे कापडावर उतरवली. प्रतिकृती लंडनला गेल्या. १८८५ च्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या. १८९६ मध्ये निघालेला भव्य ग्रंथ ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखला जातो.

११/
त्या तरुणांपैकी पेस्तनजी बोमनजी यांचे नाव टिकले, कारण पुढे ते स्वतंत्र चित्रकार म्हणून गाजले. येथे एक नियम हळूहळू तयार होताना दिसतो. जो ‘चित्रकार’ झाला त्याचे नाव उरले. जो ‘कारागीर’ राहिला त्याचे काम उरले, नाव गेले. हात तेच होते, गुहा तीच होती, कष्टही तेच होते. फरक पुढे लागलेल्या बिरुदाचा होता.

१२/
ही वाट नेमकी कोठे पोहोचते, ते १८८६ च्या लंडनमधील वसाहती व भारतीय प्रदर्शनात दिसले. तेथे तीसहून अधिक भारतीय कारागीर प्रेक्षकांसमोर काम करत बसवले होते. वंशपरंपरागत कला जशीच्या तशी पाहा, असा थाट होता. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगातील बंदी होते. त्यांतील अनेकांना हे कसब तुरुंगातच शिकवले गेले होते. खेड्यातील निरागस कारागिराचे जे चित्र लंडनकरांना दाखवले गेले, ते कोठडीत तयार झाले होते.

१३/
त्यांच्यात बक्षीराम नावाचा एक वृद्ध कुंभार होता. त्याचे वय १०२ वर्षे सांगितले जाई. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून त्याचे व्यक्तिचित्र करून घेतले. आज राजसंग्रहात बक्षीरामचा चेहरा आहे, नाव आहे. विलक्षण गोष्ट अशी की, त्याचे नाव टिकले ते चित्राचा विषय झाल्यामुळे. त्याने घडवलेल्या मडक्यामुळे नव्हे. कारागीर ‘पाहण्याची वस्तू’ झाला की त्याला नाव मिळते, आणि ‘निर्माता’ असताना मिळत नाही.

१४/
या विभागणीमागे एक विचारही उभा होता. जॉर्ज बर्डवुड यांनी मुंबईत अनेक वर्षे काढली, भाऊ दाजी लाड यांच्यासह संग्रहालयाच्या उभारणीत भाग घेतला, आणि १८८० मध्ये भारतीय औद्योगिक कलांवर प्रेमाने ग्रंथ लिहिला. भारतीय कारागिरीचा इतका चाहता इंग्रज विरळा. पण १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत याच बर्डवुड यांनी भारतात ‘ललित’ कला आहे हे मान्य करण्यास नकार दिला आणि बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली.

१५/
बर्डवुड यांच्या विधानावर मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये भारतीय कलेच्या कैवारासाठी ‘इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. पण विधान दुष्टपणाचे होते एवढे म्हणून भागत नाही. त्यातली रचना समजून घ्यावी लागते: भारतीयांच्या हाताची स्तुती, बुद्धीचा नकार. सजावट तुमची, विचार आमचा. कारागिरीवरील प्रेम आणि कलावंताचा अपमान एकाच तोंडातून निघू शकतात, हे बर्डवुड शिकवून जातात.

१६/
भारतीय विद्यार्थ्यांनी या अपमानाला दिलेले उत्तर समजण्यासारखे आहे. त्यांनी कारागीर होणे नाकारले. मुळात ज्यांच्यासाठी शाळा काढली ते सुतार, कुंभार, तांबट, साळी फारसे आलेच नाहीत. घरचा धंदा सोडून वर्षानुवर्षे शाळेत बसणे त्यांना परवडणारे नव्हते. आली ती बहुतांशी मध्यमवर्गीय मुले. त्यांना हवी होती चित्रकाराची प्रतिष्ठा किंवा ड्रॉइंग शिक्षकाची नोकरी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येक मराठी मुलाने त्या परंपरेचा प्रसाद चाखला आहे.

१७/
प्रतिष्ठा मिळवून देणारी जागा म्हणजे प्रदर्शन. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. कोल्हापूरहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १८९५ मध्ये तिचे सुवर्णपदक मिळवले. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने खळबळ उडवली. देवळाकडे निघालेली, नऊवारीतील ती तरुणी पाहून खुद्द बर्डवुडही प्रभावित झाले. पाटीवर विद्यार्थ्याचे नाव होते. भारतीय हाताला आणि भारतीय बुद्धीला एकत्र मान्यता मिळाली होती.

१८/
धुरंधरांनी आपल्या आठवणींना ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. ‘शाळा’ नव्हे, ‘कारखाना’ नव्हे, ‘मंदिर’. या एका शब्दात एका पिढीचा आत्मसन्मान साठला आहे. मात्र मंदिर म्हटले की गाभारा आणि उंबरठा आलेच. चित्र आणि शिल्प गाभाऱ्यात गेले. माती, धातू, लाकूड, सूत उंबरठ्याबाहेर थांबले.

१९/
याच काळात, १८९०-९१ च्या सुमारास, शाळेच्या आवारात गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा उभ्या राहिल्या. सोनारकाम, धातूवरील उठावकाम, लाकडावरील कोरीवकाम, गालिचे विणणे अशी कामे तेथे चालत. एकाच आवारात दोन जगे झाली. एका बाजूला इझल, दुसऱ्या बाजूला माग आणि ऐरण. पदके पहिल्या बाजूला, मालाच्या मागण्या दुसऱ्या बाजूला. आजच्या वार्षिक प्रदर्शनाचा नकाशा काढला, तर ही सीमारेषा पुसट का होईना, पण दिसते.

२०/
सीमारेषा ओलांडण्याचे प्रयत्नही झाले, आणि त्यांतील एक महाराष्ट्रात झाला. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातून नंदलाल बोस यांना बोलावले. बांबू, गवत, चटया अशा गावात मिळणाऱ्या साहित्यातून, गावच्याच हातांनी, त्यांनी अधिवेशननगराची सजावट उभी केली. तेथे ‘कलावंत’ आणि ‘कारागीर’ असा भेद करायला जागाच उरली नव्हती.

२१/
बडोद्याचे उदाहरण स्वातंत्र्योत्तर. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. १९६१ पासून तेथे विद्यार्थी आणि शिक्षक मिळून जत्रा भरवू लागले. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार त्या जत्रेसाठी लाकडाची, मण्यांची खेळणी करत असे. शांतिनिकेतनात १९७३ पासून नंदलालांच्या जन्मदिनाच्या आधी ‘नंदन मेळा’ भरतो; विक्रीचा पैसा विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीला जातो. येथे प्रदर्शन आणि बाजार एकमेकांना लाजत नाहीत.

२२/
मुंबईचे प्रभाकर बरवे यांचे जीवनही बोलके आहे. ज. जी. मध्ये शिकलेला हा चित्रकार दीर्घकाळ विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता: आधी वाराणसीला, नंतर मुंबईत. हातमागासाठी संकल्पने करणारा हाच माणूस पुढे भारतीय आधुनिक चित्रकलेतील एक विलक्षण प्रतिभावंत ठरला, ‘कोरा कॅनव्हास’ लिहिता झाला. त्याच्या चरित्रात विणकर केंद्र ‘उपजीविका’ या शीर्षकाखाली उरकले जाते. ताण्याबाण्याशी घालवलेल्या वर्षांनी त्याच्या अवकाशरचनेला काय दिले, हे विचारणारे अभ्यासक आणखी हवेत.

२३/
आणि वारली. ज्या चित्रांना ‘आदिवासी कला’ एवढीच ओळख होती, त्यांना १९७० च्या दशकात कागद मिळाला. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. १९७५ मध्ये जिव्या सोमा मशे यांची चित्रे मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतील केमोल्डमध्ये लागली. पाटीवर माणसाचे नाव आले आणि सारे बदलले. ‘वारली चित्र’ हे ‘मशे यांचे चित्र’ झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२४/
पण याच उदाहरणात एक काटाही आहे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या सुवासिनी असत. भिंतीवरून चित्र कागदावर आले तेव्हा नाव मिळाले ते पुरुषाला. मशे यांची थोरवी यामुळे उणी होत नाही. एवढेच दिसते की, नाव लिहिण्याची पद्धत सुरू झाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. कोणाचे नाव राहून गेले, हे प्रत्येक वेळी पुन्हा विचारावे लागते.

२५/
यावर एक जुना आक्षेप हमखास येतो: भारतीय परंपरेत कारागीर निनावीच असे, नावाचा सोस पाश्चात्त्य आहे, कला ही समर्पण आहे. ऐकायला हे उदात्त वाटते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने सह्याद्रीत जाऊन पाहावे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक लेख सांगतो की, दर्शनी द्वार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले. सुताराने, दगडात! त्याच्या वडिलांचेही नाव तेथे आहे.

२६/
कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात एका शिल्पाशेजारी लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर कान्हदास या सोनाराचे नाव कोरले आहे. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपली नोंद ठेवली. होयसळ मंदिरांतील मल्लितम्मा तर पुन्हा पुन्हा स्वतःचे नाव कोरतो.

२७/
अर्थात बहुसंख्य प्राचीन कलाकृतींवर नावे नाहीत, हे खरेच. पण ‘निनावीपणा हीच आपली परंपरा’ हे विधान या लेखांपुढे टिकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सोनार यक्ष घडवत होता, सुतार लेण्याचे दार करत होता आणि दोघेही आपले नाव लिहीत होते. कला आणि हस्तकला यांच्यामध्ये भिंत नव्हती. एकोणिसाव्या शतकातील शाळेच्या शिक्क्याखाली गेलेली नावे ही परंपरा नव्हे. ती कार्यालयीन सोय होती, आणि तिच्यात जात, वर्ग व वसाहत या तिघांचा हिशेब मिसळला होता.

२८/
आता आजच्या प्रदर्शनाकडे. परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. पाटीवर विद्यार्थ्याचे नाव असते. पण कोणत्याही कला महाविद्यालयाच्या प्रदर्शनात उभे राहून विचारावे: ब्राँझचे ओतकाम ज्या ओतशाळेत झाले तेथील कामगाराचे नाव कोठे आहे? भट्टी रात्रभर सांभाळणाऱ्या सेवकाचे? माग चढवून देणाऱ्या विणकराचे? मांडणशिल्पासाठी लाकूड कापणाऱ्या सुताराचे? १८८६ मध्ये जे नाव शाळेच्या शिक्क्याखाली गेले, ते आज विद्यार्थ्याच्या सहीखाली जात आहे. शिक्का बदलला, दडपण तेच राहिले.

२९/
कल्पना ज्याची, कलाकृती त्याची, असे समकालीन कलेचे तत्त्व सांगितले जाते. ते मान्य करूनही प्रश्न संपत नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक एकच असतो. तरी प्रकाशयोजना करणाऱ्यापासून वेशभूषेपर्यंत सगळ्यांची नावे पडद्यावर येतात. त्यामुळे दिग्दर्शक लहान होत नाही. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचे नाव छापण्याची मराठी रंगभूमीची रीत तर जुनी आहे. जे नाटकाला जमते, ते दालनाला का जमू नये?

३०/
जागा नसते, वेळ नसतो, शेवटी हे विद्यार्थ्यांचेच प्रदर्शन आहे, असेही म्हटले जाईल. पण सवय लागण्याचे वय तेच. पहिल्या प्रदर्शनात ओतकाम करणाऱ्याचे नाव लिहिणारा विद्यार्थी पुढे मोठ्या गॅलरीतही ते लिहील. आणि पहिल्या प्रदर्शनात ते गाळणारा पुढे कधीच लिहिणार नाही. पाटीवर एक ओळ वाढवायला खर्च येत नाही. ती न लिहिण्याचा खर्च मात्र पुढच्या शतकातील अभ्यासकाला भरावा लागतो.

३१/
म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली: प्रत्येक पाटीवर संकल्पना, घडण आणि साहाय्य यांची वेगळी नोंद. दुसरी: दालनांची सरमिसळ. मातीचे भांडे आणि तैलचित्र एका भिंतीशी आले, तर प्रेक्षकाचा डोळा आपोआप तुलना करायला शिकतो. ‘मुख्य’ आणि ‘इतर’ ही उतरंड मोडते. तिसरी: दरवर्षीच्या प्रदर्शनाची छायाचित्रांसह नोंदवही, जी संस्थेच्या ग्रंथालयात कायम राहील.

३२/
तिसरी मागणी सर्वांत कोरडी दिसते आणि सर्वांत महत्त्वाची आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने गेल्या काही वर्षांत समकालीन कलावंतांना आपल्या जुन्या संग्रहाशी संवाद साधायला बोलावले. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी, २०११ मध्ये जितिश कल्लाट, दोघेही ज. जी. चे विद्यार्थी. त्यांना संवाद साधता आला, कारण कोणीतरी दीडशे वर्षे ती भांडी, ती मातीची प्रतिरूपे जपून ठेवली होती. आजचे प्रदर्शन आठवडाभरात उतरवले जाते. नोंद न राहिल्यास २१७० मधील कलावंत कोणाशी बोलणार?

३३/
इतिहासप्रेमी तरुणांचे काम येथे सुरू होते. किल्ल्यावरचा शिलालेख वाचण्यासाठी जे तीन तास उन्हात उभे राहतात, त्यांना दालनातील पाटी वाचायला तीन मिनिटे जड नाहीत. पाटीचे छायाचित्र कलाकृतीसोबत घ्यावे. जवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारावे: हे ओतले कोणी, विणले कोणी, भाजले कोणी? मिळालेले नाव, त्या व्यक्तीची हरकत नसेल तर, लिहून ठेवावे. समकालीन प्रदर्शन म्हणजे अद्याप दगडात न गेलेला शिलालेख आहे.

३४/
एक शेवटचे चित्र. ज. जी. च्या आवारात जुना लाकडी बंगला आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात रुडयार्ड किपलिंगचा जन्म झाला, म्हणून तेथे त्याचे स्मारक आहे. मूळ घर मात्र हे नव्हे, ते केव्हाच गेले. वयाच्या सहाव्या वर्षी हे शहर सोडून इंग्लंडला गेलेल्या मुलाची आठवण येथे जपली गेली, हे चांगलेच आहे. त्याच आवारात आयुष्यभर माती मळणाऱ्या, छिन्नी चालवणाऱ्या शेकडो हातांसाठी पाटी नाही.

३५/
सामी सुताराला कार्ल्याच्या डोंगरात कोणीतरी एक ओळ कोरू दिली. त्या ओळीमुळे दोन हजार वर्षांनंतरही त्याच्या दारातून आत जाताना त्याचे नाव घेता येते. आजच्या कला महाविद्यालयाकडे मागणे तेवढेच आहे: एक ओळ. दगडात नको, पुठ्ठ्यावर चालेल.

धागा समाप्त.